कोंबड्याचा तुरा आणि भाऊजींच्या गोळ्या

माझ्या बहिणीची नात नागपूरला कर्करोगाच्या औषधांवर संशोधन करते. सुट्टीत आली की मला शिकवायला बसते. मी सगळी हयात नर्सच्या नोकरीत घालवली, पण तिच्या लेखी मी अजून बिगरीतच आहे. परवा तिनं मला रिसेप्टर समजावून सांगितला. पेशीच्या अंगावर आणि पोटातही असे काही पहारेकरी बसलेले असतात म्हणे. रक्तातून नाना तऱ्हेचे निरोप वाहत असतात, पण ज्याला जो निरोप घ्यायचा तेवढाच तो घेतो, बाकीच्यांकडे ढुंकून पाहत नाही. घेतला की आत हुकूम सुटतो, वाढा. काही कर्करोग अशा हुकमावरच जगतात. मग औषध असं शोधायचं की त्या पहारेकऱ्याला निरोप पोचूच नये, नाहीतर त्याचे हात आधीच दुसऱ्या कशानं भरून टाकायचे. एवढं सांगून ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, म्हातारीच्या डोक्यात किती शिरलं ते बघायला. मी म्हटलं, बाळे, हे मला एका कोंबड्यानं शिकवलंय, तुझी आई परकरात होती तेव्हा. तिला वाटलं, आजी सटकली. म्हणून हे लिहायला घेतलं.

चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता तेव्हाची ही गोष्ट. मी वरोऱ्याच्या दवाखान्यात नर्स होते. माझी थोरली बहीण, जिला आम्ही बाई म्हणत असू, ती वैनगंगेच्या काठी मार्कंड्याजवळच्या एका गावात दिलेली. धानाची शेती, दारात मोहाचं झाड, आणि घरात भाऊजी नावाचा एक दांडगा गृहस्थ. उंच, रुंद छातीचा, आवाज असा की धानाच्या बांधीच्या या कडेच्या धुऱ्यावरून हाक मारली तर पलीकडच्या गावची गुरं माना वर करत. धान निघालं की गावात दंडार, म्हणजे सोंगांचं नाटक, उभी राही आणि तीत राक्षस म्हटला की भाऊजीच. दुसऱ्या कोणाला तो पार्ट द्यायचं कोणाच्या मनातही येत नसे. मिशीला पीळ देत ते मंडपात शिरले की लेकरं आयांच्या पदरात घुसायची, आणि ह्यांना त्याचाच आनंद.

माझं आणि त्यांचं नातं साळी-भाटव्याचं, म्हणजे मेहुणी आणि बहिणीच्या नवऱ्याचं. आमच्याकडे साळीनं भाटव्याची थट्टा करायची ही नुसती मुभा नाही, ते तिचं कामच असतं. मी गेले की उंबऱ्यातूनच तोंड सुटायचं. पोट सुटलंय, टक्कल पडतंय, राक्षसाला मेकपचा खर्च नाही, असं काहीबाही. तेही मला नर्सबाई म्हणून चिडवत, तुझ्या सुईला घाबरून नवरे पळतात म्हणत. पण मी सातवी झाल्यावर वडिलांनी मला नर्सिंगला घालायचं काढलं आणि अख्ख्या गोतावळ्यानं नाकं मुरडली, तेव्हा हाच माणूस मला घेऊन नागपूरला गेला होता आणि वाटेत जो कोणी काही बोलेल त्याला त्याच आवाजात गप्प करत होता. त्यांच्यावर माझा फार जीव होता. हे मी तेव्हा कधी बोलले नाही, थट्टेत ते आपोआप येऊन जायचं.

आमच्याकडे दुसरीही एक रीत होती. घरातला माणूस आता राहत नाही असं दिसलं की थट्टेच्या नात्यातल्या बायका थट्टा बंद करत. साळी, भावजया, सगळ्या त्याच्याशी ‘जी’ लावून, मान खाली घालून बोलत. कोणी तसं सांगत नसे, पण सगळ्यांना अर्थ ठाऊक असे.

त्या वर्षी होळीच्या सुमारास भाऊजींची कंबर धरली. लघवीलाही त्रास होत होता, तो त्यांनी अर्थातच लपवला होता. मी खनपटीला बसून त्यांना नागपूरला नेलं. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट नावाच्या ग्रंथीचा कर्करोग आहे, हाडात उतरलाय. डॉक्टर म्हणाले की ही गाठ पुरुषाच्या अंगातल्या हार्मोनवर पोसली जाते, तो बंद केला की ती उपाशी पडते. त्याला दोन उपाय. एक लहानसं ऑपरेशन, ज्यात अंडीच काढून टाकायची. ते ऐकताच भाऊजी टेबलावरून खाली उतरले आणि धोतर सावरत दाराकडे निघाले. मला काय गोऱ्हा समजले का, खच्ची करायला, असं पार जिन्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले. मग दुसरा उपाय राहिला, गोळ्यांचा. गोळी बायकांच्या हार्मोनसारखी होती. हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि छाती थोडी भरेल, दुखेल, त्याचं मनावर घेऊ देऊ नका, मन आनंदी ठेवा, असंही बजावलं. मी ते भाऊजींना गाडीत स्वच्छ सांगून टाकलं. अंडी शाबूत राहतात ना, एवढंच त्यांनी विचारलं.

गोळीनं कमाल केली. धान पेरायच्या वेळेस कंबर हलकी झाली, रोपांच्या रोवणीला माणूस चिखलात उभा. पण रोवणीला सगळे गडी उघड्या अंगानं आणि हे एकटे बंडी घालून, चिंब भिजलेले. नदीवर अंघोळीलाही एकटे जाऊ लागले. बंडीचा नुसता काठ लागला तरी दुखायचं. बाईनं एकदा पाठ चोळताना पाहिलं आणि तिचा जीव खालीवर झाला. मी गेले तेव्हा मला मोहाखाली नेऊन म्हणाली, ते कसे दिसतात वो, लहान पोरीसारखे. मला हसू आलं आणि ती रडायला लागली.

आता माझ्या बहिणीचा स्वभाव सांगायचा तर एखादी गोष्ट करायची म्हणजे ती टोकालाच नेणार. डॉक्टरांनी मन आनंदी ठेवा म्हटलं होतं. तिनं त्याचा अर्थ लावला की त्यांना कोणी हसायचं नाही. शेजारणींना सांगितलं, जावांना सांगितलं, दंडारीतल्या गड्यांना दम भरला, आणि दिवाळीला मी गेले तर मला दारातच गळ्याची शपथ घातली की त्यांना एक शब्द थट्टेचा बोलशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील. मी म्हटलं, अगं, ही काय तऱ्हा, ते माझे भाटवे आहेत. पण शपथ ती शपथ. मी आत गेले आणि मान खाली घालून म्हणाले, बरं हाये ना जी भाऊजी. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते मला अजून आठवतं. मी उलट्या पावली वरोऱ्याला परत आले आणि दवाखान्यात सगळ्यांवर डाफरत राहिले.

थंडीत एक दिवस भाऊजींचा मित्र दवाखान्याच्या दारात उभा. हा जंगलातल्या पाड्यावरचा गोंड गडी, दंडारीत राणीचा पार्ट करायचा, साडीत असा लचकायचा की खऱ्या बायका लाजायच्या. एवढ्या लांब तो कधी आला नव्हता. पाणी प्यायला आणि सरळ विचारलं, “नर्सबाई, भाऊ चालला का? तुमी तं सांगान.”

त्यानं सांगितलं की भाऊंची कंबर पुन्हा धरलीय, खाटेवरून उठवत नाही. राक्षसाचा मुकुट त्यांनी त्याला देऊन टाकला. जंगलात एखादं वाळलेलं लाकूड पाहून ठेव म्हणाले, कशाला ते सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. आणि दुसरी एक गोष्ट त्याच्या मनाला लागली होती. त्याचा झुंजीचा कोंबडा भाऊंच्या घरी धानावर पोसायला ठेवला होता. मोठा नामी कोंबडा, पायाला काती, म्हणजे धारदार पातं, बांधली की समोरच्याला उभा राहू देत नसे. तो परवा कोंबडबाजारात नेला, तर त्यानं समोरच्या कोंबड्याकडे पाहिलं, तोंड फिरवलं आणि रिंगणातच खाली बसला. सगळा बाजार हसला. आरवतही नाही म्हणे आताशा. गड्याचं म्हणणं असं की कोंबड्यानं भाऊंचा रोग आपल्या अंगावर घेतलाय, देवाला सोडलेला कोंबडा घेतो तसा. पण मग भाऊ बरे व्हायला पाहिजेत. दोघंही खाली कसे बसले, हे त्याला उलगडत नव्हतं.

मला काही नीटसं कळलं नव्हतं, पण गोळी चालू असताना कंबर इतक्या लवकर का धरावी, हा प्रश्न डोक्यात घुमत होता. रजा टाकली. चांद्यापर्यंत रेल्वे, मूलपर्यंत मोटार, पुढं बैलांची रेंगी आणि नदीत डोंगा, असं करत दुपारी त्यांच्या अंगणात उतरले. बाई सुपानं धान पाखडत होती, ओसरीत शेजारच्या बायका बसल्या होत्या. मला पाहून तिनं तोंडावर बोट ठेवलं, शपथेची आठवण म्हणून. भाऊजी ओट्यावर खाटेला खिळलेले, तोंड भिंतीकडे. मी बाईला विचारलं, गोळी देतेस का. म्हणाली, रोज सकाळी पेजेबरोबर माझ्या हातानं तळव्यावर ठेवते.

इतक्यात तो कोंबडा पायात आला. मी त्याला आधी पाहिलेला होता, लालभडक तुऱ्याचा, माणसाच्या अंगावर येणारा. आता तुरा पार सुकलेला, पांढरट, वाळलेल्या मिरचीएवढा. अंग गुबगुबीत झालेलं. मी वाकले तर पळण्याऐवजी हातात येऊन बसला. बाईला विचारलं, हा सकाळी कुठं असतो. ती म्हणाली, यांच्या खाटेखाली, हे पेजेतली शितं टाकतात ना, त्याला यांचा फार लळा.

मग मात्र माझं डोकं फिरलं. शपथ गेली चुलीत. मी कोंबडा काखेत मारला आणि भाऊजींच्या उशाशी जाऊन उभी राहिले.

“भाऊजी, तुमाले बाई व्हायचं नोतं तं नोका होऊ,” मी म्हटलं. “या गरिबाले काऊन केलं?”

बाईच्या हातातलं सूप खाली पडलं. ओसरीतल्या बायका माना वळवून उभ्या राहिल्या. भाऊजींनी हळूहळू कूस बदलली. कोंबड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तू थट्टा करून राह्यली का वो?”

“मंग काय आरती करून राह्यले?”

तो राक्षसाचा आवाज कुठल्या कुठं गेला होता. “म्हंजे मी मरून नाई राह्यलो?”

मी पेशंटसमोर कधी रडत नाही. त्या दिवशी कोंबड्याच्या पिसात तोंड घातलं, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. दिवाळीला मी जी लावून बोलले तेव्हाच त्यांना कळून चुकलं होतं की आपला कारभार आटोपला. त्याआधी जावांनी थट्टा बंद केली होती, गड्यांनी केली होती, पण साळीच जी म्हणते म्हणजे डॉक्टरांनी नक्की काहीतरी सांगितलंय. मरायचंच आहे तर अंगाची ही शोभा कशाला वाढवा, म्हणून दुसऱ्या दिवसापासून गोळी कोंबड्याला. सरणावर तरी पुरुषासारखं जायचं होतं त्यांना. बाई हे ऐकत भिंतीला टेकून बसली होती. मनाला जपता जपता तिनं माणूसच घालवत आणला होता, आणि तिला कोणी काही बोलण्याची गरज नव्हती. मी मात्र बोलले, तोंडाला येईल ते दोघांनाही बोलले, आणि फार बरं वाटलं.

पण नुसतं बोलून भाऊजी गोळी घेणारे नव्हते. मरत नाही एवढं पटलं, तरी छातीचं दुखणं आणि लाज होतीच. तेव्हा मी त्यांना कोंबड्याचा तुरा दाखवला. म्हटलं, हा कशावर वाढतो? याच्या पुरुषपणावर. गोळीनं तो बंद केला, तुरा वाळून गेला. तुमच्या आतली गाठही तशीच, तिला तुऱ्यासारखंच खायला लागतं. ह्यानं तुमच्या गोळ्या खाल्ल्या तर ह्याचा तुरा गेला, तुम्ही खाल्ल्या असत्या तर तुमची गाठ गेली असती. भाऊजींनी बोटानं तो तुरा चाचपून पाहिला, पुन्हा पाहिला. नागपूरच्या डॉक्टरांनी इतकं समजावलं तेव्हा त्यांची नजर दाराकडे होती. आता ते लक्ष देऊन ऐकत होते.

नात म्हणते ते मला आता नीट कळतं. आमची गोळी थेट गाठीवर जात नव्हती. ती मेंदूखालच्या एका ग्रंथीला गप्प बसवायची, तिथून अंडांना जाणारा हुकूम थांबायचा, आणि पुरुषाचा हार्मोन आटला की गाठीच्या पहारेकऱ्याला निरोपच मिळेनासा व्हायचा. कोंबड्याच्या तुऱ्यातही तोच पहारेकरी. आणि छातीत बसलेले असतात ते बायकांच्या हार्मोनचे, ते पुरुषालाही असतात, फक्त आयुष्यभर त्यांना कोणी विचारलेलं नसतं. त्यांना आमच्या गोळीनं आयता निरोप दिला, तर ते बिचारे उठून कामाला लागणार नाहीत तर काय? आता म्हणे ज्या त्या पहारेकऱ्यापुरतं वेगळं औषध शोधतात, शेजारपाजार न उठवता. चांगलंच आहे. आमच्या वेळी अख्खी आळी जागी व्हायची.

मित्र कोंबड्याचा रस्सा करायला निघाला होता, झुंजीच्या कामाचा नाही म्हणून. मी त्याला हात लावू दिला नाही. उन्हाळ्यापर्यंत त्याचा तुरा पुन्हा लाल झाला, एक दिवस पहाटे आरवलाही, अर्धवट, घसा बसल्यासारखा. सगळं घर आनंदलं, एकटे भाऊजी गंभीर झाले. गोळी थांबली की तुरा परत येतो, म्हणजे गाठही येते, हे त्यांचं त्यांनाच कळलं. त्यानंतर गोळी चुकली नाही. बाई विसरली तर हेच मागून घ्यायचे.

कंबर पुन्हा सरळ झाली आणि पुढच्या हंगामात भाऊजी दंडारीत उतरले. गड्यांनी राणीचा पार्ट घ्या म्हणून गळ घातली, चिंध्या कोंबायच्या वाचतील म्हणाले. मी तेव्हा बायकांत बसून दात काढत होते. भाऊजी म्हणाले, राक्षसच होईन, पण माझ्या राक्षसानं एक लेकरू अंगावर पाजलंय असं समजा. ते वाक्य पुढं कायमचं त्या सोंगात राहिलं. मंडपात आल्यावर ते स्वतःच बोलायचे आणि माणसं लोळायची. नदीवरही पुन्हा चारचौघांत अंघोळीला जाऊ लागले.

अशी काही पिकं घरात आली. आम्ही मुंबई राज्यात गेलो, दवाखान्यावरची पाटी बदलली. मग एका वर्षी गोळी रोज पोटात जात असून कंबर धरली. नात सांगते, काही पेशी निरोपाशिवायच हुकूम सोडायला शिकतात, त्यांच्यासाठीही आता औषधं निघालीत. तेव्हा नव्हती. नागपूरचे डॉक्टर माझ्याशी फार सभ्यपणे बोलले, तिथंच मी ओळखलं.

या खेपेस बाईनं शपथ घातली नाही. उलट दारात माझा हात धरून म्हणाली, गप राहू नको वो. भाऊजी अंगणात उन्हात खाटेवर होते, पांघरुणाखाली काही उरलंच नव्हतं. मी उशाशी बसले आणि सुरुवात केली. म्हटलं, धान कापायची वेळ आली की बरोबर खाट धरता, मला काय तुमचे धंदे ठाऊक नाहीत, आता बहीण एकटी बांधीत वाकणार आणि तुम्ही इथं जमीनदारासारखे... आणि पुढचं वाक्य घशातच फुटलं. मी खोकल्यासारखं केलं. बाईनं तोंड फिरवलं.

भाऊजींनी डोळे उघडले. पांघरुणातून हात काढून माझ्या हातावर ठेवला.

“मले समजलं हाये,” ते म्हणाले. “तू बोलत राह्य.”

मग मी त्यांच्या मिशीवर घसरले, मिशीवरून टकलावर, टकलावरून त्यांच्या त्या धोतरावर, जे माझ्या बहिणीच्या लग्नात सुटलं होतं. संध्याकाळ होईपर्यंत बोलत होते. मधूनमधून त्यांचं पोट हसण्यानं हलायचं, तेवढ्यावरून मला कळायचं की ऐकताहेत. नंतर ते हलायचं थांबलं. बाई म्हणाली, अजून थोडं बोल, आणि मी बोलले.